फटफटी पुन्हा शिकताना

मी फटफटी चालवत होतो असं कळलं की लोक पहिला प्रश्न एकच विचारतात: किती जोरात? नातवांनी तो विचारला आणि या अंकासाठी लिहा म्हणून घरी आलेल्या संपादकांनीही तोच विचारला. खरं उत्तर कुणाला फारसं आवडत नाही. नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत मी फार जोरात चालवायचो, आणि त्या तीन वर्षांत मला फटफटी येत नव्हती. येते असं वाटत होतं, एवढंच.

काम काय होतं ते आधी सांगतो. निजामाचं राज्य होतं. उस्मानाबादला, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी धाराशिवला, बायकांच्या दवाखान्यात सुमतीबाई नावाच्या डॉक्टरीण होत्या. मूळच्या सोलापूरच्या, वयानं पस्तिशीच्या, आवाज बारीक पण शब्द एकदा सुटला की परत न येणारा. त्या काळी घरंदाज बायका, मग त्या आमच्या मुसलमानांतल्या असोत की देशमुख-पाटलांकडच्या, पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत. त्यामुळं कुठंही बाईमाणूस अडलं की बाईंनाच बोलावणं यायचं. मोटारी होत्या, पण त्या मोठ्या रस्त्यानं आणि आपल्या वेळेनं धावायच्या. बाळंतीण काही त्यांच्या वेळेनं अडत नाही. म्हणून दवाखान्याला एक जुनी विलायती फटफटी मिळाली होती, साइडकारवाली, आणि ती चालवायला मी होतो, हुसेन.

साइडकार आता बघायला मिळत नाही. फटफटीच्या डाव्या अंगाला जोडलेला एक लांबट डबा, त्याला स्वतःचं एक चाक. माणूस त्यात पाय पसरून बसतो. बघणाऱ्याला वाटतं, तीन चाकं आली म्हणजे गाडी पडायची भीती गेली. खरं म्हणजे भीती नुसती जागा बदलते. साधी फटफटी वळताना कलते. साइडकारवाली कलू शकत नाही. डावीकडं जोरात वळलात तर डब्याचं चाक जमीन सोडतं. ब्रेक दाबलात तर फटफटी थांबते, पण डब्याला पुढं जायचं असतं, त्यामुळं सगळी गाडी उजवीकडं ओढली जाते. एका बैलानं थांबावं आणि दुसऱ्यानं चालत राहावं, तसं. हे मला आज सांगता येतं. तेव्हा मी एका मोटारदुरुस्तीवाल्याकडं हात काळे करत करत जे जमलं ते शिकलो होतो, आणि गाव येताच वेग वाढवायचा एवढं एक शास्त्र मला पक्कं ठाऊक होतं. कोंबड्या उडायच्या, माणसं ओट्यावर यायची, बाई डब्यात दोन्ही हातांनी कड धरून बसायच्या. त्या काही बोलत नसत. मला वाटायचं, त्यांना आवडतं.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षाची गोष्ट. जळकोटहून सकाळीच निरोप आला. कस्तुरा नावाची सून, पहिलटकरीण, आदल्या दिवसापासून अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. बाईंनी पिशवी घेतली आणि आम्ही निघालो. तुळजापूर गेलं, घाट उतरलो. पुढं नळदुर्गाकडं जाणारा मुरुमाचा रस्ता मोकळा सापडला. आता मी मनात हिशेब करत होतो की आपण किती लवकर पोचणार, आणि जळकोटची माणसं काय म्हणणार.

नळदुर्ग नजरेच्या टप्प्यात आलं असेल. एका बांधाआड रस्ता डावीकडं वळत होता. वळण मला दिसलं, पण ते एवढं आवळलेलं असेल असं वाटलं नव्हतं. मी आत शिरलो आणि डाव्या बाजूला काहीतरी हलकं झालं. डब्याचं चाक हवेत होतं. मी घाबरून हातातला दांडा सरळ केला. चाक दणकन खाली आलं, गाडी रस्ता ओलांडून उजवीकडच्या चरात गेली आणि बाभळीच्या खोडाला धडकली.

मला खरचटण्यापलीकडं काही झालं नाही. बाई डब्यातून पुढं फेकल्या गेल्या होत्या आणि पडताना त्यांनी उजवा हात टेकला होता. मनगट वाकडं झालेलं मला लांबूनच दिसलं. बाळंतपणात चिमटे धरायचा हात तो. बाई चरात बसल्या बसल्या म्हणाल्या, "हुसेन, छत्री आणा. तिच्या काड्या मोडा आणि मी सांगते तशा बांधा." मी बांधलेली गाठ त्यांनी दोनदा सोडायला लावली.

तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. शेंगांची पोती भरलेली. हाकणारा चाळीस-बेचाळिशीचा, कपाळावर भस्म, अंगात जुना खाकी शर्ट. अणदूरचे शिवलिंगप्पा. त्यांनी आधी पोती उतरवून बाईंना गाडीत नीट बसवलं. मग माझ्याकडं न बघता रस्त्यावर मागं चालत गेले आणि खाली वाकून मुरुमावरचे माग बघू लागले. मला त्यांनी हातानं जवळ बोलावलं.

"ह्या दोन रेघा बघ," ते म्हणाले. "ही फटफटीची, ही डब्याची. हितं तुला वळण दिसलं. हितं यिऊन बिरीक दाबला, म्हंजी वळणात शिरल्यावर. आन् हितनं पुढं डब्याची रेघच न्हाय. मग तू भ्यालास आन् दांडा सरळ केलास. व्हय का न्हाय?"

मी व्हय म्हणालो. बाईंनी गाडीतून सगळं ऐकलं होतं.

नळदुर्गाहून जळकोट तीन-साडेतीन कोस असेल. बैलगाडीनं आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. बाईंनी डावा हात वापरला आणि उजव्याचं काम सुईणीला तोंडानं सांगत सांगत करवून घेतलं. कस्तुरा वाचली. मूल मेलेलंच जन्मलं. बाहेर आल्यावर बाई मला एवढंच म्हणाल्या की तासभर आधी आलो असतो तर कदाचित रडलं असतं. 'कदाचित' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता, माझ्यासाठी. त्याचा उपयोग झाला नाही.

मला काढून टाकतील हे मी धरून चाललो होतो. दवाखान्यात तसं बोलणंही निघालं. बाई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून वरच्या साहेबांकडं गेल्या आणि परत येऊन त्यांनी मला समोर उभं केलं.

"नवा माणूस आणला तर तोही तुमच्यासारखाच चालवेल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला निदान पुढं काय होतं ते ठाऊक झालंय. माझा हात बरा व्हायला दीड महिना लागेल. तोवर तुम्ही अणदूरला त्या शेंगावाल्यांकडं जा. ते लढाईत पलटणीतल्या फटफटीवाल्यांना शिकवत होते. मी विचारलंय त्यांना."

मला आनंद व्हायला हवा होता. पण खरं सांगतो, मला राग आला. तीन वर्षं सरकारी गाडी चालवलेला माणूस मी, आणि आता पुन्हा शिकायला जायचं, तेही एका शेतकऱ्याकडं? घरी येऊन बायकोला, मेहरूनला, मी हे तावातावानं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिनं विचारलं की बाईंनी पुन्हा तुमच्या शेजारी बसायचं कबूल केलंय का? मी हो म्हणालो. मग तुम्ही कशाला चिडता, असं म्हणून तिनं भाकरी उलटली.

दुरुस्त झालेली गाडी घेऊन मी अणदूरला गेलो. गावाबाहेर खंडोबाच्या देवळाकडं जाणाऱ्या वाटेला अप्पांचं शेत होतं. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी गाडी झाडाखाली लावून घेतली, तिची किल्ली खिशात टाकली आणि पहिले चार दिवस मला तिला हात लावू दिला नाही.

ते चार दिवस आम्ही मोठ्या रस्त्याच्या कडेला दगडावर बसून काढले. लांबून काहीही येताना दिसलं की अप्पा विचारायचे, आता हे काय करील? बैलगाडी आली. मी म्हणालो, सरळ जाईल. ते म्हणाले, हाकणारा झोपलाय, बैल सावलीकडं वळणार. बैल सावलीकडं वळले. डोक्यावर पेंढी घेतलेली बाई आली. अप्पा म्हणाले, तिला उजवीकडचं दिसत नाही, ती न बघता रस्ता ओलांडील. तिनं ओलांडला. पहिल्या दिवशी माझी दहातली सात उत्तरं चुकली असतील. चौथ्या दिवशी मेंढरांचा कळप बघून मी आपण होऊन म्हणालो की पलीकडं एक मागं राहिलंय, ते धावत येईल. ते धावत आलं. अप्पांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

मग हळू चालवायला शिकवलं. तुम्हाला हसू येईल, पण फटफटी हळू चालवणं हे जोरात चालवण्यापेक्षा किती तरी अवघड आहे. ते पुढं बैलगाडी हाकत आणि मी तिच्या मागं, इंजिन बंद न पडू देता, हिसका न बसू देता. शेतातली माणसं काम टाकून बघायची. त्यात अप्पांनी दुसरा नेम घालून दिला: चालवताना जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. "पुढं खड्डा. डावीकडं म्हैस. वळण आलं, पलीकडचं दिसत नाही, आत्ताच हळू करतो." मी त्यांना विचारलं की हे कुणासाठी बोलायचं? ते म्हणाले, "तुझ्यासाठीच. जे बोललास न्हाईस ते तू बघितलं न्हाईस." आठ दिवसांत अणदूरभर झालं की उस्मानाबादचा एक सायेब अप्पांकडं आलाय आणि त्याच्या डोक्यात काही तरी बिघाड आहे, बिचारा एकटाच बोलतो.

सगळ्यात कठीण परीक्षा अप्पांच्या आईनं घेतली. तिला अव्वा म्हणायचे. सत्तरीची बाई, निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची. तिला डब्यात बसवायचं, मांडीवर तुरीच्या शेंगांचं सूप, आणि मी नळदुर्गापर्यंत जाऊन परत यायचं. अव्वानं वाटेत शेंगा सोलायच्या. दणका बसला की दाणे सांडायचे आणि अव्वा डब्याच्या कडेवर हात आपटून "साकु, साकु" म्हणायची, म्हणजे पुरे. मग थांबायचं, दाणे वेचायचे. पहिल्या खेपेला मी अकरा वेळा थांबलो. शेवटच्या आठवड्यात एकदा नळदुर्ग आलं तरी ती मान वर करेना, सोलतच होती. परत आल्यावर तिनं सूप लेकापुढं ठेवलं आणि कानडीत काही म्हणाली. अप्पांनी मला सांगितलं की ती म्हणते, पोरगं बरं हाय, पण बोलतंय लई.

एके दिवशी अप्पा म्हणाले, आज तू डब्यात बस. मला त्यांनी त्याच वळणावर नेलं. जसा मी त्या दिवशी गेलो होतो तसेच, त्याच वेगानं ते वळणाकडं निघाले. डब्यात बसलेला माणूस फार खाली असतो. हातात काही नसतं, ना दांडा ना ब्रेक. रस्ता अंगावर येतो. चाक सुटणार असं वाटण्याच्या जरा आधी त्यांनी वेग उतरवला आणि गाडी अलगद फिरवली. मी कड दोन्ही हातांनी धरली होती. बाई तीन वर्षं अशाच बसत होत्या. ते आवडण्याचं बसणं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मी बांधावर जाऊन बराच वेळ बसलो. अप्पांनी मला बोलावलं नाही. नंतर आपण होऊन शेजारी येऊन बसले. पलटणीत त्यांच्या हाताखाली शिकलेली बरीच पोरं गेली, म्हणाले. गोळीनं कमी आणि अशा वळणांनी जास्त. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

अणदूरहून परत निघालो तेव्हा मी आधी उलट दिशेला, जळकोटला गेलो. कस्तुराची सासू अंगणात बसली होती. तिथं सगळ्यांना वाटत होतं की रस्ता खराब होता म्हणून गाडी घसरली. मी सांगितलं की रस्ता चांगला होता, मीच चुकलो.  म्हातारीनं विचारलं, "बाईंचा हात बरा हाय का?" मी म्हणालो, निरोप आलाय, प्लास्टर निघालं, बोटं हलतात. तिनं आत बघून पाणी आणायला सांगितलं. पाणी कस्तुरानंच आणून दिलं. ती माझ्याकडं बघत नव्हती आणि मीही तिच्याकडं बघू शकलो नाही. दीड वर्षानं तिचं दुसरं बाळंतपण आलं तेव्हा बाई आणि मी आदल्या दिवशीच जाऊन जळकोटला मुक्काम टाकला. मुलगी झाली. ओरडायला लागली ती थांबेचना.

तर असा मी पुन्हा शिकलो. बाईंना पहिल्या दिवशी बोलत बोलत चालवणारा हुसेन विचित्र वाटला असावा. पण चार-सहा खेपांनंतर त्यांनी कड धरणं सोडलं आणि वाटेत वाचायला पुस्तक आणू लागल्या. कधी मी बोलायचं विसरलो तर पुस्तकातून डोकं न काढता म्हणायच्या, "का हो, रस्ता संपला का?"

आमची गिऱ्हाइकं म्हणजे रोगी बायका आणि त्यांच्याबरोबरच्या सासवा. त्यातल्या एक देशमुखीणबाई मला अजून आठवतात. सुनेला दवाखान्यात आणायचं होतं आणि त्यांचा हट्ट, की डब्यावर चादर टाकून चारी बाजूंनी पडदा करा. मी म्हणालो की चादर उडून चाकात गेली तर सूनबाई चादरीबरोबर जातील. त्यांना ते अपशकुनी वाटलं. मी गाडी चालू केली नाही. दोन्ही बाजू अर्धा तास अडून बसल्या. शेवटी बाईंनी तोड काढली: चादर डब्याच्या आत, सुनेच्या अंगाभोवती घट्ट खोचायची आणि चेहऱ्यावर पदर. लुगड्याची टोकं मी स्वतः तपासली. देशमुखीणबाई म्हणाल्या की गाडीवानाची एवढी मिजास त्यांनी बघितली नव्हती. मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करतो.

पण तेरखेड्याची खेप आठवली की अजून अंग ताठ होतं. तेरखेड्यात शोभेची दारू करतात. एका घरी झाडं, म्हणजे कारंज्यासारखी उडणारी दारूची नळकांडी, भरताना ठिणगी पडली आणि रहमतबी नावाच्या बाईचे दोन्ही पाय मांडीपर्यंत भाजले. ती सात महिन्यांची गरोदर होती. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा-अकरा झाले असतील. बाईंनी सुई दिली, पायांवर स्वच्छ ओली फडकी गुंडाळली आणि मला बाजूला घेतलं.

"दवाखान्यात न्यायलाच हवं," त्या म्हणाल्या. "पण दणका बसला तर कळा सुरू होतील, आणि या मुलाला आता बाहेर यायला लावलं तर ते टिकायचं नाही. उशीर झाला तर मी सांभाळीन. दणका मला सांभाळता येणार नाही."

रहमतबीला डब्यात गोधड्यांवर झोपवलं. बाई माझ्या मागं बसल्या. तिचा भाऊ बशीर सायकल घेऊन निघाला. गावातले सगळे मला हातानं पुढं ढकलत होते, लवकर, लवकर. मी बैलगाडीच्या चालीनं निघालो.

सायकलवाला फटफटीला मागं टाकतोय असं दृश्य तुम्ही बघितलं नसेल. बशीर पुढं जायचा, थांबायचा, आम्ही आलो की पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा त्यानं सायकल माझ्यासमोर आडवी घातली. तो आमच्या दखनीत बोलला, मराठीत सांगायचं तर एवढंच: "तुमच्या घरची असती तर असं चालवलं असतं का?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. त्या क्षणी दांड्यावरची मूठ पिळावी असं फार वाटलं. एरवी माणूस वेग वाढवतो तो असाच, कुणाच्या तरी बोलण्याला उत्तर म्हणून. मी त्याला म्हणालो की घरची असती तरी असंच चालवलं असतं, आणि बाजूनं गाडी काढली. मग पुन्हा बोलायला लागलो. पुढं दगड आहे, उजवीकडून घेतो. आता थोडं खाली जाऊ, हलेल, घाबरू नका. हे मी आता माझ्यासाठी बोलत नव्हतो. रहमतबी डोळे मिटून ऐकत होती. कण्हायचं थांबवून मधेच तिनं विचारलं की आता काय आहे? मी सांगितलं, चिंचेचं झाड, त्याच्याखाली दोन शेळ्या. ती बरं म्हणाली.

येडशीच्या अलीकडं डोंगरातला अरुंद रस्ता लागतो. एका बाजूला दरड, दुसरीकडं खोल. वळणापलीकडचं दिसेना म्हणून मी वळणाच्या आधीच गाडी दरडीला लावून उभी केली आणि हॉर्न दाबला. बशीर पुढं निघून गेला होता. त्यानं मागं वळून हात हवेत उडवला, आता हे काय नवीन, असा. तेवढ्यात वळणातून लाकडं भरलेली लॉरी आली. रस्त्याच्या मधोमध, उताराच्या वेगानं. बशीर सायकलसकट दरडीवर आदळला. लॉरी आमच्या दांड्यापासून हातभर अंतरावरून गेली. लाकडाच्या सालींचा भुगा अंगावर उडाला.

 बाईंचा हात माझ्या खांद्यावर होता, तो थोडा घट्ट झाला आणि मग सैल. बशीर उठला, गुडघा झटकला, सायकल उभी केली. तिथून पुढं येडशीपर्यंत तो आमच्या मागं राहिला, एकदाही पुढं गेला नाही. रहमतबी दोन महिने दवाखान्यात होती. पायांवर डाग राहिले. मुलगा पुऱ्या दिवसांनी झाला.

आता शेवटचं. निजामाचं संस्थान जायच्या आधीचा तो उन्हाळा. आमच्या भागातल्या लोकांना तो कसा गेला हे सांगायची गरज नाही, आणि इतरांना थोडक्यात सांगून कळणार नाही. माणसं एकमेकांची नावं ऐकून मग बोलायची की नाही ते ठरवायची. मी जिथं तिथं ओळखीचा, तरी काही गावांत मला बघून दारं लोटली गेली. बाई मात्र फिरती बंद करायला तयार नव्हत्या. बाळंतपणं काही थांबली नव्हती.

अणदूरला आम्ही अव्वाला बघायला गेलो होतो. ती बरी होती. आजारी होते अप्पाच. त्यांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया, झाला होता, दुखणं वाढलं होतं, आणि ऑपरेशन केल्याशिवाय सुटका नव्हती. बाई म्हणाल्या, आत्ताच चला, मोठ्या दवाखान्यात मी सांगते. अंगणात भावकीतली पाच-सहा माणसं जमली होती. त्यांतला एकजण अप्पांना बाजूला घेऊन बोलला, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. दिवस कसले आहेत, वाटेत कुणाच्या मुठीत जाताय याचा विचार करा, त्यापेक्षा आपली बैलगाडी काय वाईट, असं. मी गाडीजवळ उभा होतो. दांड्यावरची धूळ पुसत राहिलो. पुसायला धूळ नव्हती.

अप्पांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग डब्याची कड धरून, दुखण्यामुळं सावकाश, आत उतरले आणि पाय पसरून बसले.

"बैलगाडीत लई हादरे बसत्यात," ते म्हणाले. "चल हुसेन."

मी आयुष्यात गाडी नीट चालवली असेल तर त्या दिवशी. नळदुर्गाच्या बाजारातून, मग त्या मुरुमाच्या रस्त्यानं. अप्पा सुरुवातीला शिक्षकासारखे बसले होते, मान ताठ, नजर पुढं. मधेच सांगायचे, आता गिअर उतरव. मी उतरवलेला असायचा. मग ते सांगायचे कमी झाले. घाट चढायला लागलो. दुपारचं ऊन होतं आणि खालून वारा येत होता. अप्पा शेंगांच्या पिकाबद्दल काहीतरी सांगत होते, ते वाक्य अर्धंच राहिलं. मला वाटलं, दुखायला लागलं असेल. वळण सरळ झाल्यावर मी डाव्या बाजूला नजर टाकली.

अप्पा झोपले होते. तोंड जरासं उघडं, मुंडासं सरकून कानावर आलेलं, हात मांडीवर उघडे पडलेले. बाईंनीही मागून वाकून बघितलं आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "उठवू नका."

घाट संपला, तुळजापूर गेलं, देवीच्या वाटेवरची गर्दी गेली. ते जागे झाले नाहीत. दवाखान्याच्या दारात मी इंजिन बंद केलं तेव्हा आवाज थांबला म्हणून त्यांचे डोळे उघडले. त्यांनी पाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आलं व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं, अजून घाटच लागायचा हाय."